ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा तुरुंगवास आणि बदलती न्यायालयं

ऑस्ट्रेलियातल्या दर तीन कैद्यांमागे एक आदिवासी असतो. लोकसंख्येत मात्र तिथले आदिवासी चार टक्केही नाहीत.

१९८३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रोबर्न गावी जॉन पॅट हा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांशी झालेल्या झटापटीनंतर कोठडीत मेला. खटला चाललेले पोलीस निर्दोष सुटले. असे मृत्यू होतच राहिले, संताप वाढला आणि १९८७मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला उच्चाधिकार चौकशी आयोग, बसलं. त्याने ९९ मृत्यूंची छाननी केली आणि १९९१मध्ये ३३९ शिफारशी केल्या. आयोगाला आढळलं, की कोठडीत गेलेल्या आदिवासींचं मरणाचं प्रमाण इतर कैद्यांपेक्षा जास्त नव्हतं; मुळात त्यांना कोठडीत टाकलंच फार जात होतं. माझ्या मते पुढचं सगळं याच निष्कर्षावर तोलायला हवं. तुरुंग हा शेवटचा उपाय असावा, असं आयोगाने बजावलं. तेव्हा कैद्यांमध्ये आदिवासी १४ टक्के होते.

झालं उलटंच. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांताने १९९७मध्ये चोरीसारख्या गुन्ह्यांना कैद अनिवार्य केली; न्यायाधीशाला दुसरी शिक्षा निवडायची मुभाच उरली नाही. पेनं, रंग अशा किरकोळ चोरीसाठी २८ दिवस डांबलेल्या पंधरा वर्षांच्या आदिवासी मुलाने २०००मध्ये डार्विनच्या सुधारगृहात जीव दिला. पुढच्या वर्षी तो कायदा रद्द झाला.

न्यायालयांतला बदल मात्र खालून आला. १९९९मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ॲडलेडला दंडाधिकाऱ्याशेजारी समाजातली वडीलधारी मंडळी बसू लागली. न्यू साउथ वेल्समधल्या नाउरा इथे २००२पासून दंडाधिकारी उच्चासन सोडून सगळ्यांबरोबर गोल करून बसतो. गुन्हा कबूल केलेला आरोपी, सरकारी पक्ष, वडीलधारे आणि तयार असेल तर पीडित व्यक्तीही. दारू कधी लागली, घरी कोण आहे, हे आरोपीला ओळखणारी माणसंच तोंडावर विचारतात. तिथे गप्प बसून सुटका नाही. २००८च्या पाहणीत या पद्धतीमुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं नव्हतं. २०२०च्या मोठ्या अभ्यासात मात्र कैदेची शिक्षा आणि पुन्हा होणारे गुन्हे, दोन्ही कमी आढळले.

व्यसनातून गुन्ह्याकडे वळलेल्यांसाठी न्यू साउथ वेल्समध्येच १९९९मध्ये सिडनीजवळच्या पॅरामाटाला ड्रग कोर्ट उघडलं. शिक्षा स्थगित ठेवायची, उपचार घ्यायचे, वरचेवर लघवीची तपासणी द्यायची. जागा इतक्या कमी, की निवड चिठ्ठ्या टाकून होई. शिवाय हिंसक गुन्ह्याच्या आरोपींना दार बंद. तुरुंगातल्या आदिवासींमध्ये अशा गुन्ह्यांचे आरोपी बरेच असल्याने ज्यांना उपचारांची सर्वाधिक गरज, तेच बाहेर राहिले. आदिवासींची मोठी वस्ती असलेल्या पश्चिम भागात, डबो इथे, असं न्यायालय यायला २०२३ उजाडलं.