हाडाचं औषध म्हणजे नेमकं कुठलं?

परवा आमच्या विश्रामबागच्या मेडिकलात तासगावकडच्या एक आजी आल्या, पार वैतागलेल्या. ८ महिन्यांचा नातू मिरजेत ॲडमिट. "पोराच्या रक्तात कॅल्शियम वाढलंय म्हणत्यात, आन वरनं सलाईनमधनं हाडाचंच औषध देत्यात, ह्ये कुठलं शहाणपण?"

प्रश्न रास्त होता, कारण दोन उलट कामाच्या औषधांना आपण एकच नाव देऊन बसलोय.

पहिलं म्हणजे कॅल्शियमचं टॉनिक नि व्हिटॅमिन डीचे ड्रॉप. हे शरीरात माल भरतं. दुसरं पॅमिड्रोनेट, म्हणजे नातवाला सलाईनमधनं देत होते ते, त्यात कॅल्शियम अजिबात नसतं. सांगलीजवळच्या हरिपूरची, जमिनीखाली हळद साठवायची पेवं ठाऊक असतील, तसं हाड हे कॅल्शियमचं पेव, शरीरातलं ९९ टक्के तिथंच. डी अती झालं की आतड्यातनं कॅल्शियम जादा शोषलं जातंच, शिवाय हाड पोखरणाऱ्या पेशी जोरात येतात आणि पेवातला माल रक्तात सांडतो. पॅमिड्रोनेट हाडाला चिकटून बसतं, पोखरता पोखरता त्या पेशी ते गिळतात आणि थंड पडतात.

नातवाचं झालं काय तर डीची ती ५ मिलीची छोटी बाटली असते ना, एका बाटलीत ६०,००० युनिट, ती कुणीतरी ड्रॉप समजून रोज पाजली. तान्ह्या बाळाला दिवसाला ४०० युनिट पुरतात, म्हणजे रोज १५० दिवसांचा डोस पोटात! मग उलट्या, शी घट्ट, लघवी सारखी, पोरगं मलूल.

पॅमिड्रोनेट काही पहिल्या झटक्यात देत नाहीत हां. आधी डी-कॅल्शियम बंद, भरपूर सलाईन, आतड्यातलं शोषण कमी करायला स्टिरॉइड, आणि तरी आकडा उतरेना तर हे, तेही वजनावर मोजून नि काही तास सावकाश सोडून. गुण यायला एक-दोन दिवस लागतात, पण टिकतो आठवडे, आणि ते बरंच, कारण डी चरबीत साठून राहतं, लगेच जात नाही. पहिल्या डोसनंतर ताप येऊ शकतो, कॅल्शियम गरजेपेक्षा खालीही जाऊ शकतं, म्हणून सारखं रक्त काढतात (आजींचा त्यावरही राग होताच).

आजींना निम्मं पटलं. मग पिशवीतनं स्वतःची आठवड्याला एक घ्यायची हाडाची गोळी काढून विचारलं, "मग ही कुठली?"

म्हटलं, आजी, ही त्या पॅमिड्रोनेटचीच भावकी.