पार्श्वभूमी : हिंगणघाटची कबर आणि वऱ्हाडातून गेलेली मोजणी

धुऱ्याचा वाद तहसीलपर्यंत गेला की आता भूकरमापक रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र) घेऊन शिवारात येतो. काठी उभी करतो, बुडबुडा मध्ये आणतो आणि काही सेकंदांत कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश मिळतात. यामागच्या शास्त्राचा एक मोठा टप्पा विदर्भातच पार पडला आणि ते काम सुरू करणारा विल्यम लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात पुरलेला आहे, हे इथल्याच फार थोड्यांना ठाऊक आहे.

लॅम्बटन मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. 33व्या पलटणीतला अधिकारी, पण खरा ओढा गणिताकडे. टिपूविरुद्धचं 1799चं युद्ध संपताच त्याने मद्रास सरकारपुढे प्रस्ताव ठेवला, की दक्षिण भारत त्रिकोणांनी मोजायचा आणि ते करताना पृथ्वीचा आकारही काढायचा. मंजुरी मिळाली आणि एप्रिल 1802मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याला पहिली पायारेषा मोजायला सुरुवात झाली.

पद्धत कागदावर सोपी आहे. एकच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे, उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या, आणि त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया धरायची. अडचण अशी की पहिल्या रेषेतली चूक पुढच्या प्रत्येक बाजूत त्याच प्रमाणात उतरते. म्हणून साडेसात मैलांच्या त्या रेषेला 57 दिवस लागले. उत्तर आलं 40,006.4418 फूट.

साखळी पोलादी, 100 फुटांची, अडीच-अडीच फुटांच्या 40 कड्यांची. तिचा प्रवासही विलक्षण आहे. चीनच्या बादशहासाठी भेट म्हणून ती नेली होती, तिथे नाकारली गेली आणि फिरत फिरत कलकत्त्याला पोचली. ती जमिनीवर टाकून ओढायची नसे. तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांमध्ये ती ताणून धरायची, वर सावली करायची आणि शेजारी तापमापक ठेवायचे. पोलाद तापलं की वाढतं. दहा अंश सेल्सियसच्या फरकाने 100 फुटी साखळी जेमतेम 0.14 इंच लांबते, पण अशा 400 साखळ्या मोजल्या की चूक साडेचार फुटांवर जाते. दुसरी साखळी प्रमाण म्हणून राखून ठेवलेली असे आणि कामाची साखळी तिच्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहत.

गावच्या मोजणीतली शंकू साखळी आठवा. 33 फूट, 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. वापराने कड्या झिजून ती इंचभर वाढली, तर मोजलेली प्रत्येक लांबी कमी भरते आणि पाच एकरांच्या वावरात सुमारे गुंठाभर जमीन कागदावरून नाहीशी होते. भांडणं व्हायला एवढं पुरतं.

कोन मोजायचं थिओडोलाइट लंडनच्या कॅरी या यंत्रकाराने बनवलेलं होतं. आडव्या चक्राचा व्यास 36 इंच, वजन जवळपास अर्धा टन. येताना फ्रेंचांनी जहाजच पकडलं, पण मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने यंत्र सन्मानाने पुढे धाडलं. 1808मध्ये ते तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि चक्राचा आकार बिघडला. लॅम्बटनने तंबूत बसून पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावत ते चक्र हळूहळू पूर्ववत केलं. सहा आठवडे गेले. त्याच यंत्रावर पुढे वर्षानुवर्षं काम चाललं. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हे काम सर्वांत मोठं.

1815पर्यंत त्रिकोणांची साखळी बिदरला पोचली. 1818मध्ये या कामाला महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळालं आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून नेमला गेला. याच सुमारास विदर्भाचं राजकारण पालटलं होतं. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या दरबारात इंग्रजांचा शब्द चालू लागला होता, तर वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाड निजामाकडे होतं. मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरलं. सत्तरीच्या आसपासचा, खंगलेला लॅम्बटन निघाला, पण नागपूर गाठण्याआधीच जानेवारी 1823मध्ये हिंगणघाटात वारला.

काम एव्हरेस्टकडे आलं आणि मोजणी वऱ्हाडच्या सपाट काळ्या मातीत शिरली. इथे दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली माती. काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे वरवर रोवलेला दगड जागचा हलतो. खूण टिकवायची तर मुरमापर्यंत खणून पाया घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट हवा. सपाट मैदानात नजरेची रेषा जमिनीला लागून जाते आणि दुपारच्या झळांनी लांबचं निशाण थरथरतं. 50 किलोमीटरवर एका सेकंदाची चूक झाली, तर जागा पाव मीटरने सरकते. (इथला सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग.) म्हणून लॅम्बटन पावसाळ्यातल्या धुतलेल्या हवेत काम करायचा आणि माणसं हिवतापाने पडायची. एव्हरेस्टने दिवे आणि निळ्या ज्योती लावून रात्री कोन घ्यायला सुरुवात केली.

अचलपूरच्या दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्यात, टाकरखेडा हे त्याचं महत्त्वाचं ठाणं. जुन्या इंग्रजी कागदांत ते टाकलखेरा म्हणून सापडतं. दक्षिणेला बिदरजवळचं दामरगिडा, उत्तरेला मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मधोमध हे. अक्षांश साधारण 18°3', 21°6' आणि 24°7', म्हणजे जवळजवळ तीन-तीन अंशांचे दोन टप्पे. प्रत्येक ठिकाणी झेनिथ सेक्टर नावाच्या उभ्या दुर्बिणीने डोक्यावरून जाणारे तारे पाहून अक्षांश काढायचा आणि त्रिकोणांवरून आलेल्या अंतराशी तो ताडायचा. तेव्हा एव्हरेस्ट इतका आजारी होता, की निरीक्षणासाठी त्याला दोन माणसांनी उचलून आसनावर बसवावं लागे. पण ताऱ्यांच्या वेळा त्याने चुकवल्या नाहीत.

इथेच ओळंब्याचा प्रश्न उभा राहिला. अक्षांश मोजताना 'वर' कुठे, हे ओळंबा सांगतो. पण टाकरखेड्याच्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर आहेत आणि एवढा मोठा दगडाचा पसारा ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. ओळंबा पाच सेकंद जरी कलला, तरी जमिनीवर दीडशे मीटरचा फरक पडतो. एव्हरेस्टने हे आकर्षण हिशोबात घेतलं. पुढे उत्तरेकडच्या कालियाना या ठाण्याचं आणि कल्याणपूरचं अक्षांशातलं अंतर ताऱ्यांवरून एक आणि त्रिकोणांवरून दुसरं आलं, 5.236 सेकंदांची तफावत निघाली, तेव्हा 1855मध्ये प्रॅट या इंग्रज गणितज्ञाने हिमालयाचं आकर्षण मोजून पाहिलं. ते तफावतीपेक्षा कितीतरी जास्त आलं. याचा उलगडा करताना एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने मांडलं, की डोंगरांच्या खाली हलक्या खडकाची मुळं असतात. पृथ्वीच्या कवचाचा समतोल आज भूगोलात शिकवतात, त्याची सुरुवात या मोजणीच्या न जुळणाऱ्या आकड्यांतून झाली.

हे आकडे साहेबांनी एकट्यांनी जुळवले नाहीत. 1831मध्ये महिना 30 रुपयांवर लागलेले राधानाथ सिकदार पुढे मुख्य गणक झाले. गोलावरच्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंशांहून जास्त भरते. 48 किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात ही वाढ सुमारे पाच सेकंद. प्रत्येक त्रिकोणात ती वजा करून उरलेली चूक वाटायची, तीही लॉगॅरिथमची कोष्टकं बघून, हाताने. यंत्रं दुरुस्त करण्यात अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन इतके तयार झाले, की एव्हरेस्टने पुढे यंत्रशाळेचा भार त्यांच्यावर सोपवला. निशाणं धरून टेकाडावर दिवसचे दिवस उभे राहिलेले खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस मजूर, मात्र नावानिशी सापडत नाहीत.

1830मध्ये एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे आकडे मांडले. विषुववृत्ताशी त्रिज्या सुमारे 6,377 किलोमीटर आणि चपटेपणा 300.8मध्ये एक, म्हणजे ध्रुवाशी त्रिज्या तेवढ्या भागाने कमी. भारताचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षं याच आकारावर काढले गेले. रोव्हर आणि मोबाइल डब्ल्यूजीएस-84 हा वेगळा आकार धरतात. त्यामुळे जुन्या टोपोशीटवरून (सरकारी भू-नकाशावरून) उचललेले अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये घातले, तर विदर्भात जागा शंभर-दीडशे मीटरने चुकते. विहीर नाल्यापलीकडे दिसते, पांदण दुसऱ्याच्या पऱ्हाटीतून जाते. असं दिसलं तर आधी नकाशाच्या कडेला पृथ्वीचा कोणता आकार आधार (डेटम) म्हणून छापला आहे ते वाचावं, त्याप्रमाणे आकडे रूपांतरित करून घ्यावेत आणि मगच मोजणीवर हरकत घ्यावी.