देनारियस

प्राचीन रोमचे चांदीचे प्रमुख नाणे. प्रजासत्ताकाच्या विस्तारापासून इ. स. तिसऱ्या शतकातील अरिष्टापर्यंत सैनिकांचे पगार यात मोजले जात. म्हणून रोमच्या उदयास्ताचा माग काढताना अभ्यासक त्याचे वजन आणि कस पाहतात. नाव ‘दहाचे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आरंभी एका देनारियसचे १० ‘अस’ (रोमन काशाची नाणी) होत; इ. स. पू. १४१ च्या सुमारास १६ होऊ लागले, नाव तेच राहिले.

आरंभकाळ वादग्रस्त होता. रोमन लेखक थोरला प्लिनी तो रोम व कार्थेज यांच्यातील पहिल्या प्यूनिक युद्धाआधी पाच वर्षे, म्हणजे इ. स. पू. २६९ मानतो. विसाव्या शतकात नाणेशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅटिंग्ली यांनी तो इ. स. पू. १८७ पर्यंत खाली आणला. पुढे सिसिलीतील मॉर्गान्तिना येथील उत्खननात, इ. स. पू. २११ च्या विध्वंसाशी जोडल्या जाणाऱ्या थराखाली देनारियस मालिकेतील फारशी न झिजलेली नाणी मिळाली. त्यामुळे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धातील, इ. स. पू. २११ च्या आसपासचा काळ आता बहुतेकांना मान्य आहे.

पहिले वजन रोमन पौंडाचा ७२ वा भाग (सु. ४.५ ग्रॅम), लवकरच ८४ वा (सु. ३.९ ग्रॅम). तापवलेली चकती ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवून, वरचा ठसा हाताने धरून घणाचा घाव घालत. हात सरकला की चित्र कडेला जाई. घडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर मुखवट्याची खोलगट, उलटी प्रतिमा उमटे. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी पुष्कळ आढळतात. काही नाण्यांच्या कडेला करवतीसारखे दाते आहेत. ते खोटेपणा ओळखण्यासाठी पाडले असे म्हणतात, पण दातेरी नाणीही मुलामा दिलेली सापडतात.

इ. स. ६४ मध्ये नीरोने वजन पौंडाच्या ९६ व्या भागावर (सु. ३.४ ग्रॅम) आणले. कस किती उतरवला, याचे जुने उत्तर ९३ टक्के. ते फसवे ठरले. हिणकस चकती तापवून आम्लात बुडवली की पृष्ठभागावरील तांबे निघून जाते आणि चांदीची दाट साय उरते. वरवरच्या परीक्षेत ती सायच मोजली जाते. कडेला बारीक भोक पाडून आतला चुरा तपासल्यावर आकडा ८० टक्क्यांच्या आसपास आला. डोमिशियनने काही काळ कस सुधारला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी तो जेमतेम निम्म्यावर आला. कॅराकॅलाने इ. स. २१५ मध्ये काढलेले ‘अँटोनिनियानस’ बहुधा दोन देनारियसांचे, पण वजनाने दीडपटच होते. चांगले नाणे लोकांनी दडवले. इ. स. २६० नंतर अँटोनिनियानसवर चांदीचा नुसता हात फिरवलेला दिसतो. हीण हे ऱ्हासाचे कारण मानण्यापेक्षा लष्करी खर्चाचे लक्षण मानणे अधिक सयुक्तिक. डायोक्लिशनच्या इ. स. ३०१ च्या दरपत्रकात देनारियस केवळ हिशेबाचे एकक उरले.

‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक सागरी मार्गदर्शिकेनुसार भडोचला सोन्या-चांदीचे देनारियस स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होई. भारतातील निधींत ऑगस्टस व टायबेरियस यांची, म्हणजे कस उतरण्यापूर्वीची नाणी अधिक. पण मोठे निधी दक्षिणेकडे, महाराष्ट्रात तुरळक. इकडे आलेली चांदी वितळवून क्षत्रपांनी (पश्चिम भारतातील शक राज्यकर्त्यांनी) आपली नाणी पाडली, असे अनुमान आहे. नाशिकजवळील जोगळटेंभीच्या निधीत (१९०६) क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती; त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता.