सीनिअर पोर्ट्रेट : पोशाखाची निवड

सीनिअर पोर्ट्रेट म्हणजे अमेरिकेतील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे बारावीत असलेल्या विद्यार्थ्याचे व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेले छायाचित्र. ते शाळेच्या यीअरबुकमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांच्या वार्षिक पुस्तकात छापले जाते, घराच्या भिंतीवर लागते, आजी-आजोबांना पाठवले जाते आणि पदवीदानाच्या निमंत्रणपत्रिकेवरही येते. यीअरबुकसाठी छायाचित्रे बरीच आधी द्यावी लागतात. त्यामुळे फोटोसेशन बहुधा अकरावीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत किंवा बारावीच्या सुरुवातीला उरकतात. या दिवशी काय घालायचे हे ठरवताना शाळेचे नियम, कॅमेरा आणि प्रकाश, आईवडिलांची इच्छा आणि सतरा वर्षांच्या मुलामुलीची स्वतःची आवड यांचा मेळ घालावा लागतो. तो एका पोशाखात क्वचितच बसतो, म्हणून सेशनला दोन-तीन जोड नेण्याची पद्धत आहे.

या प्रथेचे मूळ महाविद्यालयांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बॉस्टन परिसरातील छायाचित्रकार जॉर्ज के. वॉरेन हार्वर्ड, येल अशा संस्थांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढत असे. त्याआधीच्या डगेरोटाइप पद्धतीत छायाचित्र धातूच्या पत्र्यावर उमटे आणि एका वेळी एकच प्रत मिळे. काचेच्या निगेटिव्हमुळे कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. विद्यार्थी एकमेकांची छायाचित्रे घेत आणि त्यांचा अल्बम बांधून घेत. पुढे ही रीत हायस्कुलांत उतरली आणि शाळांची छायाचित्रे व यीअरबुके हा मोठा व्यवसाय झाला. मिनेसोटातील जॉस्टन्स (१८९७) आणि लाइफटच (१९३६) ही त्यातली ठळक नावे.

यीअरबुकातील छायाचित्रासाठी अनेक शाळांत निवडीला वावच नसतो. मुलींना ‘ड्रेप’ आणि मुलांना ‘टक्स’ (टक्सेडो, म्हणजे समारंभी काळा सूट) दिला जातो. ड्रेप हे बहुधा काळ्या, मखमलीसारख्या कापडाचे वस्त्र. पुढून ते खांदे उघडे असलेल्या किंवा ‘व्ही’ गळ्याच्या पार्टी गाऊनसारखे दिसते, पण ते छातीपर्यंतच असते. मागे पाठ उघडी असते आणि इलॅस्टिक किंवा चिमट्याने ते आवळतात. टक्समध्ये पांढऱ्या शर्टाची पुढची बाजू, तयार बो-टाय आणि काळा कोट असतो. खाली जीन्स किंवा खेळाची चड्डी असली तरी चालते, कारण फ्रेम छातीवरच संपते. एकीचे छायाचित्र झाले की तोच ड्रेप पुढच्या मुलीच्या अंगावर चढतो. घरून निघताना काळजी एवढीच घ्यायची की आतल्या कपड्याचे पट्टे खांद्यावर दिसू नयेत आणि उन्हाने पडलेले टी-शर्टचे वळ उठून दिसू नयेत. या सक्तीची एक बाजू मला मोलाची वाटते : कुणाच्या घरी किती पैसा आहे हे त्या पानावरून कळत नाही.

दुसरी बाजू मात्र त्रासाची आहे. मुलीने ड्रेप आणि मुलाने टक्सच घालायचा, हा नियम सर्वांना मानवत नाही. मिसिसिपीतील वेसन येथील शाळेत एका विद्यार्थिनीने टक्सेडो घालून छायाचित्र काढले, तेव्हा २०१०च्या यीअरबुकमधून ते वगळले गेले. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एसीएलयू या संस्थेच्या मदतीने प्रकरण न्यायालयात गेले. पुढे तडजोड झाली आणि सर्वच विद्यार्थ्यांनी पदवीदानाचा झगा व टोपी घालून छायाचित्र काढायचे असे ठरले. त्याआधी ऱ्होड आयलंडमधील पोर्ट्समथच्या शाळेने साखळी चिलखत घातलेल्या, हातात तलवार असलेल्या मुलाचे छायाचित्र नाकारले होते. मध्ययुगीन इतिहासाचा नाद असलेल्या त्या मुलाच्या बाजूने राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी २००७ मध्ये निकाल दिला. फ्लोरिडातील सेंट जॉन्स काउंटीत तर २०२१ मध्ये एका शाळेच्या यीअरबुकातील ८० मुलींची छायाचित्रे परस्पर बदलून त्यांचे गळे झाकले गेले. पालक संतापले ते योग्यच होते. नियम आधी स्पष्ट सांगणे हे शाळेचे काम. छापताना एखाद्या मुलीच्या अंगावर कापड रंगवणे हे नव्हे.

खरी निवड सुरू होते ती खासगी सेशनमध्ये. हे स्टुडिओत होते, नाहीतर बागेत, समुद्रकिनारी किंवा गावातल्या जुन्या विटांच्या भिंतीपाशी. एक जोड औपचारिक, एक रोजच्या वापरातला आणि एक विद्यार्थ्याच्या छंदाचा, अशी साधारण विभागणी असते. छंदाच्या जोडात बँडचा गणवेश, नृत्याचा पोशाख किंवा लेटरमन जॅकेट येते. या जॅकेटचे अंग लोकरीचे, बाह्या चामड्याच्या आणि छातीवर शाळेचे अक्षर असते. खेळाडूंच्या कपड्यांवर असे अक्षर लावण्याची सुरुवात १८६५ मध्ये हार्वर्डच्या बेसबॉल संघापासून झाल्याचे मानले जाते.

रंगाची निवड पार्श्वभूमी पाहून करावी. हिरवळीत हिरवा शर्ट विरघळून जातो, तिथे विटकरी, मोहरी किंवा गडद निळा उठून दिसतो. भडक पोपटी किंवा गुलाबी कापडावरून परावर्तित झालेला प्रकाश हनुवटीवर आणि गळ्यावर उतरतो. ती झाक नंतर काढणे किचकट असते. अगदी बारीक, जवळजवळच्या रेघा किंवा चौकडी डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील ठिपक्यांच्या जाळीशी जुळत नाहीत आणि कापडावर नसलेल्या लहरी छायाचित्रात उमटतात. मोठी अक्षरे किंवा लोगो असलेला टी-शर्ट टाळावा, कारण नजर चेहऱ्याआधी अक्षरांवर जाते.

सावळ्या वर्णाच्या मुलांसाठी पांढऱ्या कपड्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि बहुतेक मार्गदर्शिका तो गाळतात. कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन पांढऱ्या कापडाचा मोठा भाग पाहून एकूण प्रकाश कमी धरते आणि चेहरा काळवंडतो. काळ्या कपड्यात उलटे होऊन चेहरा फिका पडतो. यात दोष रंगाचा नाही. छायाचित्रकाराने चेहऱ्यावरचा प्रकाश मोजला तर पांढरा सदराही सुरेख दिसतो. छायाचित्रणाचे तंत्रच दीर्घकाळ गोऱ्या कातडीला प्रमाण मानून घडले. १९५०च्या दशकापासून रंग जुळवण्यासाठी फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना देत असलेल्या ‘शर्ली कार्डा’वर गोरी स्त्री असे, निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९०च्या दशकात आले. म्हणून ‘तुला हा रंग शोभत नाही’ असे मुलीला सांगण्याआधी छायाचित्रकाराने सावळ्या चेहऱ्यांचे केलेले काम पाहून घ्यावे.

मापाचा कपडा हा या सगळ्यातला सर्वांत मोठा गुण. सैल कोट स्टुडिओत पाठीमागे चिमटे लावून आवळता येतो, तंग शर्टाला मात्र उपाय नाही. बसून, वाकून, हात वर करून घरीच पाहावे. कपडे इस्त्री करून हँगरवर न्यावेत, घड्या घालून पिशवीत नव्हे. पायमोज्यांचे आणि मनगटावरच्या रबराचे वळ उतरायला वेळ लागतो, ते तासभर आधी काढावेत. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा बाहेरच्या सेशनमध्ये डोळे झाकतो. अशा वेळी साध्या काचांचा जुना चष्मा बरोबर असावा. केस कापायचे तर आठवडाभर आधी कापावेत. आदल्या दिवशी विकत घेतलेला, कधीच न घातलेला पोशाख बहुतेकांना अवघडून टाकतो आणि ते खांद्यांत दिसते.

न्यू जर्सीतील एडिसन किंवा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटसारख्या ठिकाणच्या मराठी घरांत एक जोड भारतीय असावा, अशी आईची किंवा आजीची इच्छा असते. मुलगा कुर्ता सहज घालतो. साडीला मात्र तयारी लागते. पैठणीची जर थेट फ्लॅशमध्ये चमकून पांढरी पडते, म्हणून मऊ, बाजूने येणारा प्रकाश हवा असे छायाचित्रकाराला आधी सांगावे. चेहऱ्याजवळचे छायाचित्र असेल तर पदराचे मोर फ्रेमबाहेर राहतात, तेव्हा निदान एक छायाचित्र उभ्याने, पदर पुढे घेऊन काढायला हवे. स्टुडिओतल्या कपडे बदलण्याच्या खोलीत निऱ्या घालून देणारे कुणी नसते. साडी शेवटच्या जोडात ठेवावी, आई किंवा मावशीने सोबत जावे आणि पिना मोजून न्याव्यात.