पार्श्वभूमी : फिल्टर बदलला, घोडे किती वाढले?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मिस्त्रीने माझ्यासमोर दोन एअर फिल्टर ठेवले. एक कंपनीचा, कागदी, रोज महापे-तुर्भे करणाऱ्या गाडीतून नुकताच काढलेला. टेबलावर आपटल्याबरोबर त्याच्या घड्यांमधून खडीची राखाडी भुकटी पडली, चांगली चमचाभर. दुसरा कोरा, लाल, तेल पाजलेल्या सुती जाळीचा, किमतीला दहापट. मी विचारलं, "याने पॉवर किती वाढेल?" तो म्हणाला, "आवाज भरपूर वाढेल, साहेब. बाकीचं खोक्यावर लिहिलंय."

खोक्यावर लिहिलेलं अगदीच खोटं नसतं, पण ते वेगळ्या गाड्यांच्या काळातलं असतं. तेल लावलेल्या सुती फिल्टरमुळे प्रसिद्ध झालेली के अँड एन कंपनी १९६९ची, कॅलिफोर्नियातली. तेव्हा अमेरिकेत गाडीची ताकद 'ग्रॉस' पद्धतीने मोजत. म्हणजे इंजिन स्टँडवर मोकळं बसवायचं, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, आणि निघेल तो आकडा जाहिरातीत छापायचा. १९७२च्या मॉडेलांपासून तिथल्या कंपन्या 'नेट', म्हणजे हे सगळे भाग जोडून मोजलेल्या, आकड्यांवर आल्या आणि कागदावरचे घोडे एकदम गळाले. इंजिनं बरीचशी तीच होती. घोड्याच्या मापाची, म्हणजे हॉर्सपॉवरची, कथा मुळातच अशी आहे. जेम्स वॉटने आपलं वाफेचं इंजिन विकण्यासाठी ते ठरवलं. आजही ब्रोशरमधला 'पीएस' ७३५.५ वॅटचा आणि 'बीएचपी' ७४६ वॅटचा असतो, त्यामुळे १०० पीएस म्हणजे जेमतेम ९९ बीएचपी. एक घोडा तर इथेच पळतो.

आपल्याकडे ट्यूनिंग आलं ते पद्मिनीच्या बॉनेटखालून. कुर्ल्याला बनणारी ती गाडी, १०८९ सीसी, चाळीसेक घोडे. हात चालवायला तिच्यात वाव होता. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोलची बारीक तोटी) बदलायचा, हेड फेस करून, म्हणजे खालून घासून, कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट घासून गुळगुळीत करायचे, ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घ्यायचं. हवा जास्त गेली तर पेट्रोलही हातानेच वाढवावं लागे, नाहीतर मिक्श्चर पातळ होऊन गाडी झटके देई. साधं पेट्रोल तेव्हा ८७ ऑक्टेनचं, म्हणजे दाब फारसा न सोसणारं. त्यामुळे हेड जरा जास्त फेस केलं की चढावर इंजिन खडखडायला लागे. मिस्त्रीचा कान हाच डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र.

२०००च्या सुमारास प्रदूषणाच्या युरो नियमांमुळे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणं) सगळीकडे आलं आणि या कारागिरीचं पोटच कापलं गेलं. आता हवा सेन्सर मोजतो आणि एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या हिशोबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन सोडतो. कंपनीचा कागदी फिल्टरही या गाड्यांना कमी पडत नाही. १.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा ओढतं. तेवढी हवा बेतूनच फिल्टरचा आकार ठरवलेला असतो. फिल्टर स्वच्छ असेल तर अडथळा इतका थोडा, की तो काढून मिळणारे एक-दोन घोडे डायनोच्या लागोपाठ दोन रनमधल्या फरकातच हरवतात. शिवाय डायनो ताकद चाकांवर मोजतो, ब्रोशर इंजिनाच्या क्रँकवरची सांगतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून भांडणारे मी पुष्कळ पाहिलेत.

उलट बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला, तर माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तो इंजिनचीच गरम हवा पितो. बाहेर ३० अंश आणि आत ६० धरले, तरी हवा नऊ टक्के विरळ होते. म्हणून पाइप खाली बंपरमागे नेणारे 'कोल्ड एअर' किट निघाले. तर्क बरोबर आहे, गाव चुकलं. पावसाळ्यात वंदना टॉकीजपाशी पाणी साचलं की तोच पाइप नळीसारखा पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याला हायड्रोलॉक म्हणतात. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, बिनकिटाच्या गाड्याही यातून सुटल्या नव्हत्या.

मग 'स्टेज वन'चं, म्हणजे ट्यूनिंगच्या या पहिल्या पायरीचं, वेड इतकं पसरलं कशाने? डिझेलने. कॉमन रेल तंत्र, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणं, १९९७मध्ये युरोपात अल्फा रोमिओच्या गाडीत आलं. आपल्या रस्त्यांवर ते घरोघरी पोचवलं फियाटच्या १,२४८ सीसी मल्टिजेट इंजिनने, २००७च्या डिझेल स्विफ्टमधून. तिथे ते ७५ पीएसचं होतं. तेच इंजिन पुढे व्हेरिएबल टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) लावून एसएक्स४मध्ये ९० पीएसचं झालं. हे कळल्यावर पोरं गप्प कशी बसतील?

डिझेलला पेट्रोलसारखी हवा अडवून धरायची गरज नसते. हवा मुबलक असते, किती इंधन फवारायचं त्यावर ताकद ठरते. टर्बोचा बूस्ट, रेलचा दाब, इंजेक्शनची वेळ, धुराची मर्यादा हे सगळं ईसीयूतल्या तक्त्यांमध्ये लिहिलेलं, म्हणजेच 'मॅप'मध्ये. ऐंशीच्या दशकात युरोपात हे बदलायला ईसीयू उघडून चिप काढावी लागे. 'चिप ट्यूनिंग' हा शब्द तेव्हाचा. नंतर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडी तपासायच्या जोडणीत, केबल घातली की काम होऊ लागलं. यालाच रीमॅप म्हणतात. टर्बो डिझेलला यातून पंधरा-वीस टक्के सहज मिळतात, टॉर्क तर सीटमध्ये जाणवतो. कळंबोलीहून एक्स्प्रेस वे धरायचा आणि खंडाळ्याच्या चढाला गिअर न पाडता ट्रक मागे टाकायचा, ही इथली परीक्षा. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला तोच रीमॅप पाच टक्क्यांच्या आतबाहेर काहीतरी देतो, आणि पैसे साधारण तेवढेच घेतो.

कंपनीने एवढी ताकद हातची राखून का ठेवली, हा प्रश्न मलाही पडायचा. भेसळीचं डिझेल, मे महिन्यातलं ऊन, पाच माणसं घेऊन घाट, नवशिक्याचा क्लच, धुराचे नियम आणि वरून वॉरंटी, या सगळ्यांसाठी ती शिल्लक असते. रीमॅप ती शिल्लक खर्चतो. पहिलं बिल बहुधा क्लचचं येतं.

कायदा या सगळ्याच्या मागून चालत आला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लावली. पण पाम बीच रोडवर पोलिसाला मोठा सायलेन्सर ऐकू येतो, मॅप दिसत नाही.

त्या १,२४८ सीसी इंजिनाला मारुतीने २०२०मध्ये, धुराच्या बीएस-६ नियमांच्या तोंडावर, निरोप दिला. पहिल्या डिझेल स्विफ्टची पंधरा वर्षं कधीच भरली आहेत. एमएच-०४ आणि एमएच-४३च्या, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईच्या, ज्या अजून टिकल्या आहेत, त्यांना पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत उभं राहावं लागतं, आणि त्याआधी पीयूसीत धूर मोजून घ्यावा लागतो. मिस्त्री सांगत होता, मूळ मॅप परत टाकून साधा कागदी फिल्टर बसवून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं आता महिन्याला एक-दोन येतात. त्याचे तो वेगळे पैसे घेतो.