केबीसी घरबसल्या खेळायचंय? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

‘कौन बनेगा करोडपती’चे दरवाजे दोन, आणि दर मोसमात लोक त्यांची गल्लत करतात. एक हॉट सीटचा. दुसरा ‘प्ले अलाँग’चा, म्हणजे टीव्हीवर प्रश्न आला की त्याच वेळी मोबाइलवर आपणही उत्तर द्यायचं. एकीकडे नाव नोंदवलं म्हणून दुसरीकडे आपोआप नोंदणी होत नाही. ॲप घेतलं, रोज खेळलो, आता बोलावणं येईल, अशी वाट बघत बसलेले कितीतरी जण भेटतात.

हॉट सीटचा रस्ता आधी थोडक्यात. मोसम सुरू होण्याच्या काही आठवडे आधी ठरावीक दिवस अमिताभ बच्चन रोज रात्री एक प्रश्न विचारतात. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न येईपर्यंत त्याचं उत्तर सोनीलिव्ह ॲपवर किंवा एसएमएसने पाठवायचं. बरोबर उत्तरांतून काहींची निवड होते, पुढे सामान्यज्ञानाची चाचणी, ऑडिशन आणि मुलाखत. २०२० मध्ये करोनामुळे ही सगळी निवड पहिल्यांदाच ऑनलाइन झाली. तेव्हा लोकांनी घरातल्या भिंतीपुढे उभं राहून व्हिडिओ पाठवले. मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३ पासून आणि ‘कोण होणार करोडपती’ २०१९ पासून आलं, त्यांचाही साचा हाच. निवडीचे तपशील मोसमागणिक बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून तयारी करू नका.

प्ले अलाँग: खेळायचं कसं

२०१७ पासून हा प्रकार आहे. सोनीलिव्ह ॲप अधिकृत प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, नाव आणि वय भरायचं. भाग लागला की केबीसीच्या विभागात जाऊन खेळायचं. कार्यक्रमाचं चित्रीकरण आधीच झालेलं असतं. ‘लाइव्ह’ असतो तो आपला खेळ, प्रक्षेपणाशी जुळवलेला. सेट टॉप बॉक्सवर चित्र काही सेकंद मागेपुढे पोहोचतं. आमच्याकडे भिंतीपलीकडून उत्तराची आरोळी आधी येते आणि प्रश्न नंतर. अशा घरात नेट तरी धड असू द्या.

पात्रता

भारताचं नागरिकत्व आणि वयाची १८ वर्षं पूर्ण, या दोन अटी पाया. वाहिनी, निर्मिती संस्था आणि कार्यक्रमाशी जोडलेल्या कंपन्यांचे कर्मचारी आणि त्यांचे जवळचे नातेवाईक अशा स्पर्धांत चालत नाहीत. घरातल्या शाळकरी पोराने आजोबांच्या नंबरवरून खेळायला कोणी अडवत नाही, पण बक्षीस लागलंच तर ज्याच्या नावाने नोंदणी, त्याच्याकडेच कागद मागितले जाणार. म्हणून नोंदणी करताना सिम कोणाच्या नावावर आहे ते बघा. पुष्कळ घरांत चारही सिम वडिलांच्या नावावर असतात.

कागदपत्रं: खरी अडचण इथे

खेळायला कागद लागत नाहीत, बक्षीस घ्यायला लागतात. ओळख आणि पत्त्यासाठी आधार, करासाठी पॅन, पैसे जमा होण्यासाठी बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक. कागद तीनच, पण तिन्ही ठिकाणी नाव एकच हवं, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. लग्न झालेल्या बाईच्या आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर तिसरंच, कारण खातं लग्नाआधीचं आणि मधलं नाव बँकेने नुसत्या आद्याक्षराने टाकलेलं. रोजच्या व्यवहारात हे खपून जातं. बक्षिसाच्या वेळी मुदत थोडी असते आणि समोरचा माणूस फक्त स्पेलिंग बघतो. पॅनवरचं नाव लग्नानंतर बदलायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं, फार काय, लग्नपत्रिकाही चालते. राजपत्रात नाव छापून आणायचा खटाटोप प्रत्येकीला करावा लागत नाही. मात्र हे काम मोसमाच्या आधी उरका. आधार आणि पॅन जोडलेलं आहे ना, तेही त्याच वेळी तपासा.

हातात किती येतं

बक्षिसाच्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आहे. उत्पन्न कमी आहे, करपात्र मर्यादेखाली आहे, हे कारण इथे चालत नाही, खर्चाची वजावटही मिळत नाही. एका बक्षिसाची रक्कम १०,००० रुपयांच्या वर गेली की कर कापूनच पैसे मिळतात. ५०,००० लागले तर १५,००० कापले जाऊन ३५,००० खात्यात येतात, आणि त्या १५,००० वरचा ४ टक्के उपकर, म्हणजे ६०० रुपये, विवरणपत्र भरताना द्यायचा राहतो. टीडीएसचं, म्हणजे आधीच कापलेल्या कराचं, प्रमाणपत्र मागून घ्या. वस्तू मिळाली तर गोष्ट आणखी गमतीची: ८ लाखांची गाडी लागली तर २ लाख ४० हजारांचा कर भरल्याखेरीज किल्ली हातात पडत नाही. तो बहुधा विजेत्यालाच आपल्या खिशातून भरावा लागतो. गाडी फुकट लागली म्हणून पेढे वाटायच्या आधी हा आकडा घरात सांगून ठेवा.

आणि तो २५ लाखांचा मेसेज

केबीसीच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘तुमच्या सिमला २५ लाखांची लॉटरी लागली’ हा मेसेज तुमच्याही गटात येऊन गेला असेल. बच्चन यांचा फोटो, एखाद्या बँकेचं चिन्ह, खाली ‘मॅनेजर’चा नंबर, बऱ्याचदा +९२ ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानचा कोड. फोन केला की आधी प्रक्रिया शुल्क मागतात, मग जीएसटी, मग आणखी काही. केबीसी लॉटरी काढत नाही, आणि खऱ्या बक्षिसावरचा कर कोणा मॅनेजरच्या यूपीआयवर भरायचा नसतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदाच केला आहे, त्यामुळे ‘प्रवेश फी भरा आणि जिंका’ म्हणणारं ॲप दिसलं की तिथूनच मागे फिरा. पैसे गेलेच तर रात्र असो की सुट्टी, लगेच १९३० वर फोन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तो मेसेज पुसून टाकू नका, तक्रारीला त्याचाच स्क्रीनशॉट लागतो.