टँकच्या तळाला माती का खडी, हा वाद आला कुठून

आपल्या इकडले बरेच पोट्टे आता झाडांचा टँक, म्हणजे पाणवनस्पती लावलेली माशांची काचेची टाकी, लावून राहिले, अन् विचारणं एकच, खाली काय टाकू आणि फिल्टर कोणता घेऊ. दुकानात हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण मागचा इतिहास पाहा, फिल्टर बदलला की तळही बदलत आलाय.

१८५० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं टाकीत रेती-चिखल टाकून वॅलिसनेरिया लावलं आणि गोल्डफिश सोडले. फिल्टर नव्हताच. पानं सडली, पाणी खराब व्हायला लागलं, मग त्यानं गोगलगायी सोडल्या, त्यांनी सडकी पानं खाऊन टाकली अन् टाकी सावरली. म्हणजे सुरुवात मातीपासूनच झाली होती. हे वॅलिसनेरिया म्हणजे फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती, आपल्या भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतही असते.

मग एअर पंप आले, आणि १९५०-६० च्या काळात अंडरग्रॅव्हल फिल्टर पसरला. तळाला भोकांची प्लेट, वर खडी, पाणी खडीतून खाली ओढलं जातं आणि खडीवरचे बॅक्टेरिया माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट अन् त्याचं कमी घातक नायट्रेट करतात. माशांसाठी भारीच काम, पण यात माती टाकली की भोकं बुजतात, म्हणून माती टाकीबाहेर गेली आणि उरली नुसती धुतलेली खडी, जिच्यात मुळांना खायला काहीच नाही. माझ्या मते प्लास्टिकची झाडं एवढी खपली त्याचं एक कारण हेच.

माती परत आली ती फिल्टर तळातून निघाल्यावर. १९६० च्या दशकात जर्मनीच्या एहाइम कंपनीनं टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर, आणला, तळ मोकळा झाला. पुढे जर्मन लोकांनी खडीखाली लोहवाली जांभ्याची माती वापरली, जपानच्या ताकाशी अमानोच्या एडीए कंपनीनं भाजलेल्या मातीचे दाणे विकायला काढले, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅडनं सरळ सांगितलं की बागेतली साधी माती इंचभर टाका, वरून खडीचा थर द्या, झाडं स्वतःच अमोनिया ओढून घेतात, मोठ्या फिल्टरची गरज नाही.

आपल्याला हीच शेवटची पद्धत जमते असं मला मनापासून वाटतं. फक्त काळी माती जपून घ्या. ती चिकण, ओली झाली की फुगते आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडीचे खडे असतात, त्यानं पाणी जड होतं. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहा, फेस आला तर चुना आहे. वॅलिसनेरियाला तो चालतो, मऊ पाणी मागणाऱ्या झाडांना नाही. कपाशीच्या वावरातली माती तर घेऊच नका, तिच्यात खत अन् फवारणीचं औषध असतं. आणि लाइट तासन्‌तास जात असेल तर महागडा कॅनिस्टर कशाला, बंद डब्यात ऑक्सिजन संपून बॅक्टेरिया मरतात अन् लाइट आली की तेच घाण पाणी टाकीत येतं. त्यापेक्षा स्पंज फिल्टर घ्या, हवेच्या बुडबुड्यांनी पाणी स्पंजातून ओढणारा, तो बॅटरीच्या एअर पंपावरही चालतो.